धान्याभोवती बांधलेले घर

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जुन्या शेतघरांचा इतिहास सांगणारे विद्वान आपल्या कथनाचा आरंभ बहुधा धुरापासून करतात. मध्ययुगातील इंग्रज शेतकऱ्याच्या घरात एक उंच, पार छपरापर्यंत मोकळे असे दालन असे, त्याच्या मध्यभागी जमिनीवर आगटी पेटलेली असे, आणि तिचा धूर वाट सापडेल तसा ओकाच्या वाशांना काळे करीत छपरातून बाहेर पडे. सोळाव्या शतकात विटांची धुराडी आली, धूर भिंतीत कोंडला गेला, मोकळ्या झालेल्या उंचीत मजला घालता आला, आणि एका दालनाच्या घराची अनेक खोल्यांची वास्तू झाली. विल्यम हॅरिसन याने १५७७ साली छापलेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात गावोगाव वाढलेल्या धुराड्यांची आवर्जून नोंद केली आहे, आणि हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ साली, साधारण १५७० ते १६४० या काळात इंग्लंडचे अवघे खेडेच नव्याने बांधले गेले, असा सिद्धांत मांडला. त्या देशातील थंडी लक्षात घेतली म्हणजे घराचा इतिहास हा तेथे मुख्यतः चुलीचा इतिहास का व्हावा, हे सहज उमगते.

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांत, घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी, शेतकऱ्याने जे घर बांधले त्याचा इतिहास सांगावयाचा तर आरंभ चुलीपासून करून चालणार नाही. येथे थंडी चार दिवसांची पाहुणी. खरी भीती अवर्षणाची. ज्या मुलखात पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही एखाद्या वर्षी निम्म्यावर येतो, त्या मुलखातील कुणब्याचे मन एकाच चिंतेने व्यापलेले असते: पिकलेल्या वर्षाचे धान्य न पिकलेल्या वर्षापर्यंत कसे टिकवावे? माझ्या मते येथील घराची सारी रचना, त्याच्या भिंतींची जाडी, धाब्याची माती, दाराची ठेंगणी चौकट आणि आतला अंधारसुद्धा, या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचली पाहिजे.

या उत्तराचा सर्वांत जुना मसुदा शिरूर तालुक्यातच सापडला आहे. घोड नदीच्या काठच्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या कामाने इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांतील शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. एका काळचे एकेक घर पुष्कळ ठिकाणी सापडते. एकाच जागी, एकाच समाजाची, पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेलेली घरे सापडणे हे भाग्य विरळा. भरभराटीच्या काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या पूर्वजोर्वे (जोर्वे संस्कृतीच्या पहिल्या) काळातील, घरे चौकोनी व प्रशस्त आहेत: ठेंगण्या मातीच्या भिंती, कुडाचे अंग, वर गवती छप्पर, आत आडवी भिंत घालून केलेले दोन भाग, आणि दोन घरांमध्ये जाण्यायेण्यापुरती बोळ. धान्यासाठी जमिनीत खोदलेले, आतून चुन्याने लिंपलेले खड्डे आहेत; रांजण व कणग्या ठेवण्यासाठी मातीचे वाटोळे ओटे आहेत. वसाहतीत एक पाच खोल्यांचे घर आहे आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. गावच्या प्रमुखाचे घर ते हेच असावे, असे उत्खननकर्त्यांनी अनुमान केले. ज्याच्या दाराशी गावाचे धान्य त्याच्या हाती गावाचा कारभार, ही पुढे पाटील-देशमुखांच्या वाड्यांतून दिसणारी व्यवस्था येथे तीन हजार वर्षांपूर्वीच मातीत आखलेली आहे.

याहून विलक्षण आहे ते पुढचे पर्व. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. जवासारखी पिके उणावली, लोक शेतीपेक्षा गुराढोरांवर व शिकारीवर अधिक विसंबू लागले, आणि त्याबरोबर घरही बदलले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान, वाटोळ्या झोपड्या आल्या. चौकोनी घराचा कोपरा हा साठवणीचा असतो. साठवावयास काही उरले नाही तेव्हा कोपराही उरला नाही. पिकाच्या उताराचा असा आलेख घराच्या पायावरून वाचता यावा, याहून घराच्या आणि शेतीच्या नात्याचा सबळ पुरावा दुसरा कोणता मागावा?

इनामगावच्या त्या कुडाच्या घरापासून आपल्या आजोबा-पणजोबांच्या धाब्याच्या घरापर्यंतचा प्रवास अखंड उलगडून दाखविता येणार नाही. परंतु गेल्या दोन-तीन शतकांत या पट्ट्यात जे घर रूढ झाले त्याचे अंतरंग पाहू लागताच तीच बुद्धी पुन्हा ओळखीची वाटते. लोणावळ्याच्या बाजूस वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, म्हणून मावळातील घर उतरते छप्पर घेऊन पाणी झाडून टाकते. तेथून पूर्वेस घोडनदीपर्यंत येता येता पाऊस इतका विरतो की छपराला उताराचे प्रयोजनच उरत नाही, आणि घराच्या डोक्यावर सपाट माळवद येते. एकाच जिल्ह्याच्या पोटात हा पालट घडतो, आणि तो हौसेने वा रिवाजाने घडत नाही, निव्वळ पर्जन्यमानाने घडतो.

माळवदाची घडण मुळापासून पाहण्यासारखी आहे. काळ्या जमिनीवर घर उभे राहत नाही. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते. म्हणून पाया मुरुमापर्यंत नेऊन काळ्या पाषाणाचे जोते उचलतात. त्यावर घराचा खरा आधार असलेले लाकडी खांब उभे राहतात. खांबांच्या माथ्यावर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, आणि ऐपत असेल तर त्यांवर सागाच्या फळ्यांचा पाट. ऐपत नसेल तर बाभळीच्या फांद्या व तुरकाठ्या. त्यावर निंबाचा किंवा तरवडाचा पाला, पाल्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांवर वीतभर ते हातभर जाडीची पांढरी माती, चोपून चोपून बसविलेली. ही पांढरी माती म्हणजे शेतातली माती नव्हे. ती जुन्या गावठाणाची, पूर्वजांच्या घरांच्या ढासळलेल्या भिंतींची, राखेची, शेणाची, चुनखडीची मिळून झालेली माती. ती पाणी प्याली की भेगाळत नाही, घट्ट बसते. गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे जे दोन भाग आपले जुने दप्तर मानीत आले, त्यांपैकी पिकाचा भाग काळीचा व वस्तीचा पांढरीचा. आणि वस्ती उठली तरी पांढरी संपत नसे, ती खणून पुढच्या पिढीच्या धाब्यावर चढे. पुरातत्त्वज्ञांना याचा उपसर्ग पुष्कळ झाला, कारण दख्खनमधील कितीतरी ताम्रपाषाणयुगीन टेकाडे गावकऱ्यांनी मातीसाठी खणून नेली आहेत. तथापि ज्यांनी नेली त्यांनी एका घराचे दुसरे घर केले, हेही विसरता येत नाही.

दर वर्षी रोहिणीच्या आधी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागे, पन्हळी मोकळ्या कराव्या लागत, उगवलेले गवत उपटावे लागे. हे केले नाही तर गळती लागे आणि तुळईचे टोक कुजू लागे. केले तर एकेक माळवद पिढ्यान्‌पिढ्या टिके. या जड छपराचा लाभ वैशाखात कळतो. दोन-अडीच हात जाडीच्या भिंतीतून आणि मातीच्या धाब्यातून उष्णता इतक्या सावकाश झिरपते की दुपारच्या उन्हाचा ताप आतल्या अंगाला पोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते, आणि त्या रात्रीच्या गारव्यात भिंत पुन्हा निवून दुसऱ्या दुपारसाठी सिद्ध होते. माणसाला या थंडाव्याचा उपयोग झाला हे खरे. परंतु तापमानातील चढउतार जितका कमी तितकी धान्याला कीड व ओल कमी, हे लक्षात घेतले तर या गारव्याचा मोठा वाटा धान्याचा होता असेच म्हणावे लागते.

घराचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घर तीन खणांचे, पाच खणांचे, सात खणांचे. इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या मालमत्तेच्या याद्यांतही घरांची नोंद अशीच, चौकटींमधल्या गाळ्यांच्या संख्येने केलेली आढळते. जेथे जेथे लाकडी सांगाडा घराचा भार वाहतो तेथे सुताराची मोजणी हीच घराची मोजणी होते, मग तो सुतार केंट परगण्यातला असो की न्हावऱ्याचा. आपल्याकडचा सुतार बलुतेदार होता. त्याचा मोबदला खळ्यावर, पेंढ्यांच्या व पायल्यांच्या हिशेबात मिळे. दाराला कडी-कोयंडा घालणारा लोहार आणि रांजण घडविणारा कुंभार यांचाही हिशेब तोच. ज्या धान्यासाठी घर बांधावयाचे त्याच धान्यात घर बांधणाऱ्याची मजुरी द्यावयाची, अशी ही आवर्ती अर्थव्यवस्था होती.

दिंडीतून आत शिरले की प्रथम गोठा किंवा देवडी, मग चौक असेल तर चौक, मग सोपा, आणि त्यापलीकडे माजघर. इंग्लंडमधील डार्टमूरच्या लांब घरांतही गुरे आणि माणसे एका छपराखाली, मध्ये एक आडवी वाट ठेवून राहत. गुरांची ऊब हिवाळ्यात माणसांना मिळे. आपल्या घरात बैल पुढच्या भागात बांधले जात, ते उबेसाठी नव्हे, चोरापासून जपण्यासाठी. जसजसे आत जावे तसतसा उजेड कमी होतो. माजघरात खिडकी बहुधा नसतेच. धाब्याला पाडलेल्या साण्यातून, म्हणजे धूर जाण्याच्या भोकातून, उजेडाचा एक कवडसा तेवढा उतरतो. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने हा दोष आहे, आणि त्या धुराने बायकांच्या डोळ्यांची व छातीची जी हानी पिढ्यान्‌पिढ्या केली तिचे समर्थन कोणी करू नये. घराची थोरवी सांगताना हे झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

परंतु त्या अंधाऱ्या माजघराच्या भिंतीत या वास्तूचे खरे कौशल्य दडलेले आहे. दोन भिंतींच्या मध्ये बांधून काढलेली पोकळी म्हणजे बळद. तिचे तोंड वर, कित्येकदा थेट माळवदावर. तेथून पोती रिती करावयाची, आणि खाली जमिनीलगत एक छोटे, बुजविता येण्याजोगे भोक ठेवून त्यातून लागेल तसे धान्य काढावयाचे. त्यामुळे जुने धान्य आधी निघे आणि नवे वर राही, हा हिशेब कोणी न ठेवता आपोआप राहत असे. शिवाय परक्याला ती नुसती भिंत दिसे. लहान साठ्यासाठी कणग्या: तुरकाठ्या वा निरगुडीच्या काड्या विणून, शेणमातीने लिंपून, आत राख आणि कडुनिंबाचा पाला घालून सिद्ध केलेल्या. रोजच्या जिन्नसांसाठी मडक्यांची उतरंड. आणि सर्वांत मोठा साठा ज्वारीचा, तो पेवात.

पेव म्हणजे कठीण मुरुमात किंवा पांढरीत खणलेली, तोंडाला अरुंद आणि पोटात रुंद अशी भुयारी कोठी. तळाला व कडेला कडबा-भुसकट घालून, आत धान्य भरून, तोंड दगडाने व मातीने बंद केले की आतल्या आत एक रासायनिक व्यापार सुरू होतो. धान्य सजीव आहे, ते श्वास घेते. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू ते आणि त्यातले किडे मिळून संपवितात, कर्बवायू साचतो, आणि त्यात किडे मरतात, धान्य मात्र निद्रिस्त राहते. अशा रीतीने ज्वारी वर्षानुवर्षे टिके. वास थोडा कोंदट येई, पण दुष्काळात वासाची चिकित्सा कोण करतो? हाच वायू पेव उघडणाऱ्याच्या जिवावर उठू शकतो, म्हणून तोंड उघडून पेव काही काळ मोकळे ठेवीत, आत दिवा सोडून पाहत, आणि दिवा विझला नाही तरच माणूस उतरे. चुन्याने लिंपलेले इनामगावचे खड्डे आणि हे पेव यांच्यामध्ये अडीच-तीन हजार वर्षे आहेत. तत्त्व मात्र तेच.

येथे इंग्रज शेतघराशी एक मूलगामी भेद सांगितला पाहिजे. शेते बंदिस्त झाल्यानंतर इंग्रज शेतकरी बहुधा आपल्या शेतातच, शेजाऱ्यापासून दूर, एकाकी घर बांधून राहिला. भीमाथडीचा शेतकरी शतकानुशतके गावठाणातच राहिला आणि शेतात चालत गेला. याचे कारण पाणी आणि धास्ती. पिण्याचे पाणी नदीकाठी वा गावच्या आडात. आणि हा मुलूख घोडदळाच्या वाटेवरचा, त्यामुळे धान्य असलेले एकटे घर म्हणजे लुटीला आमंत्रण. म्हणून घरे एकमेकांना पाठ लावून बसली, त्यांभोवती गावकूस आले, वेस आली, आणि पाटलाची वा सरदाराची गढी आली: खाली पाषाण, वर पांढरीचे भक्कम बुरूज. तळेगाव ढमढेरे या गावाने तर आपल्या सरदार घराण्याचे नावच धारण केले. मातीच्या भिंतींचे सामर्थ्य केवढे असते, याची साक्ष १ जानेवारी १८१८ रोजी भीमाकाठच्या कोरेगावात मिळाली; आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी, जिच्यातील महार शिपायांचे शौर्य तेथील स्तंभ आजही सांगतो, ती दिवसभर लढली ती त्या गावाच्या गल्ल्यांतून व भिंतींच्या आश्रयाने. आणि याच गावकुसाने महार-मांगांची घरे आपल्या बाहेर ठेवली होती, हेही त्याच भिंतींचे सत्य आहे. ज्यांच्या राखणीवर गावाचे खळे विसंबून होते त्यांच्या झोपडीला माळवद क्वचितच लाभले.

घराचे मोल येथे कशात होते, हे करड्याच्या एका प्रकरणाने लख्ख दिसते. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील या गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या वतनदार ऋणकोविरुद्ध हुकूमनामा मिळविला, त्याचे घर ताब्यात घेतले, आणि ते पाडून त्याचे लाकूड गाड्यांत भरून नेण्यास आरंभ केला. मातीला किंमत नव्हती, जागेलाही फारशी नव्हती. किंमत होती ती खांब-तुळयांना. परंतु गावाने जे पाहिले ते लाकूड नव्हते. एका घराण्याचा सांगाडा दिवसाढवळ्या मोडून गाडीवर चढताना पाहून लोकांचा संयम सुटला आणि त्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. पुढच्या मे महिन्यात, १२ तारखेस, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे कर्जरोख्यांच्या होळ्या पेटल्या आणि दख्खनच्या दंग्यांनी पुणे व नगर जिल्हे व्यापले. सरकारला चौकशी कमिशन नेमावे लागले आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. अर्थशास्त्रज्ञ या दंग्यांची कारणे कापसाच्या भावात आणि जमाबंदीच्या वाढीत शोधतात, आणि ती तेथे आहेतच; तरी त्या मोडलेल्या घराला मी त्या कारणांच्या यादीत खाली टाकणार नाही.

धाब्याचे घर मागे पडले ते मात्र सावकारामुळे नव्हे, आगगाडी आणि कालवा यांच्यामुळे. पुण्याहून दौंडकडचा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्गाने हे गाव मोठे जंक्शन झाले. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला होता. तशी कौले, आणि त्यांच्यामागून पन्हाळी पत्रे, गाडीने येऊ लागली, तेव्हा दर वर्षी माती चोपण्याचा खटाटोप कोण करील? पण त्याहून खोल बदल पाण्याने केला. १८७९ साली पुरे झालेल्या खडकवासल्याच्या धरणातून मुठा उजव्या कालव्याचे पाणी पाटसच्या बाजूपर्यंत आले, पुढे घोड व इतर धरणांचे कालवे आले, आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. ऊस बळदात साठवीत नाहीत. तो गुऱ्हाळात नाही तर साखर कारखान्यात जातो आणि घरी पैसा येतो. राहू-केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळे धुमसू लागली आणि माजघरातले बळद रिते झाले. बंदोबस्त वाढला, विहिरी झाल्या, तशी माणसे गावठाण सोडून शेतात वस्ती करून राहू लागली. इंग्रज शेतकऱ्याने जे शेतांच्या बंदिस्तीनंतर केले ते येथे बागायतीने घडविले. वस्तीवरचे घर विटांचे, वर सिमेंटचे सपाट छप्पर. आकाराने तेही धाब्यासारखेच दिसते. परंतु तो पातळ थर दुपारचा ताप संध्याकाळीच आत सोडतो, आणि रात्री घरात झोपवत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने माळवदावरचा उरलासुरला विश्वासही डळमळीत केला. तो प्रदेश दूरचा, पण घराची जात जवळची: चिखलात रचलेल्या, आतले व बाहेरचे अंग एकमेकांना न बांधलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर वर्षानुवर्षे भर घालून घालून अतोनात जड झालेले धाबे. हजारो माणसे त्याखाली गेली. हा दोष खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. तथापि जेथे खांब-तुळयांची चौकट धड व जोडलेली होती, तेथे भिंती बाहेर पडल्या तरी सांगाडा धाबे तोलून उभा राहिल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदविली आहेत. जुन्या सुताराने खणाची चौकट भिंतीवर न विसंबता उभी केली होती, त्या शहाणपणाला माझ्या मते धाब्याच्या दोषाची शिक्षा भोगावी लागली.

केंट परगण्यातील चिडिंगस्टोनजवळ बेलीफ नावाचे पंधराव्या शतकातील एक शेतघर होते. बाऊ बीच येथे जलाशय बांधावयाचा ठरला तेव्हा, १९६८-६९ साली, त्याच्या प्रत्येक सांध्यावर खूण करून ते उतरविण्यात आले आणि ससेक्समधील सिंगलटनच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा जसेच्या तसे उभारण्यात आले. त्याची आगटी आज तेथे जाऊन पाहता येते. साधारण त्याच काळात भीमेवर उजनीचे धरण बांधले जात होते. १९८० पर्यंत ते पुरे झाले आणि त्याच्या फुगवट्याने इंदापूर, करमाळा, कर्जत या तालुक्यांबरोबर दौंड तालुक्याच्या पूर्वेकडील नदीकाठही घेतला. त्या पाण्याखाली गेलेल्या गावठाणांत खणांची घरे, बळदे आणि पेवे होती. आपल्याकडे किल्ले मोजले गेले, देवळे मोजली गेली, पेशव्यांच्या वाड्यांचे आराखडे निघाले. कुणब्याच्या घरासाठी तेवढे करावयास अजून वेळ गेलेली नाही. शिरूर-दौंडच्या गावठाणांत जी धाबी अद्याप उभी आहेत त्यांच्या मालकांनी घर पाडण्याआधी गावच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला बोलावून खण मोजून घ्यावेत, बळदाचे तोंड कोठे होते आणि पेव कोणत्या कोपऱ्यात होते ते कागदावर मांडून घ्यावे, तुळया कोणत्या लाकडाच्या व किती हातांच्या ते लिहून ठेवावे. एका घराला एक सकाळ पुरे होते.